एका कुलपातल्या दोन सायकली

त्या संध्याकाळी कुलूपवाले फक्त "येतो की" एवढंच म्हणाले. तेवढं न म्हणता त्यांना खोकला आला असता, किंवा मागच्या खोलीत काहीतरी पडल्यासारखं वाटून ते आत गेले असते, तरी भागलं असतं. पण नाही. बोलून बसले. आणि एकदा तोंडातून निघालेला शब्द कुलूप लावून परत आत ठेवता येत नाही, हे एवढी वर्षं कुलपं विकूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांचं दुकान धक्क्याकडून वर येणाऱ्या अरुंद गल्लीत होतं. काउंटरमागे बसलं की समोर गोदामाची भिंत, आणि भिंतीवर पावसाने काढलेले काळे ओघळ. एवढाच देखावा. तसं बेट होतं नावाजलेलं. डोंगराच्या पायवाटांवरून सायकली हाकायला कुठून कुठून लोक यायचे. बोटीतून उतरायचे ते जाड टायरांच्या सायकली खांद्यावर घेऊनच, आणि संध्याकाळी चिखलाने माखून, गुडघे फोडून, पण चेहरा असा उजळलेला घेऊन परतायचे की वाटावं, यांना वर कोणीतरी काहीतरी दाखवलंय. कुलूपवाले त्यांच्याकडे बघून मान हलवायचे. म्हणायचे, "आम्हीही केलंय हे सगळं. तरुणपणी."

पुरावा होता ना. काउंटरच्या वर, बरोब्बर मधोमध, फ्रेम केलेला फोटो. त्यात तरुण कुलूपवाले, केस भरपूर (हा फोटोतला सर्वांत अविश्वसनीय भाग), एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात चषक. गिऱ्हाईक फोटोकडे बघायला लागलं की कुलूपवाले हातातलं काम बाजूला ठेवायचे आणि सबंध बेटाला एका दमात घातलेल्या फेरीची हकीगत सांगायचे. दर वर्षी बेट थोडं मोठं आणि दम थोडा लांब व्हायचा.

आता खरं सांगायचं तर सायकल थोरल्या भावाची होती. चषकही त्याचाच. फोटोग्राफर आला तेव्हा भाऊ अंघोळीला गेला होता, एवढाच काय तो यांचा पराक्रम. लहानपणी याच भावाच्या सायकलवर ते पहिल्यांदा बसले, ते उतारावरून सुसाट निघाले आणि धक्का संपला तरी थांबले नाहीत. कोळ्यांनी जाळं टाकून आधी सायकल काढली, मग त्यांना. तेव्हापासून चाकं दोनच असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास उरला नाही. बायको लग्नाआधी पहिल्यांदा दुकानात भेटायला आली, तेव्हा ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. यांना काहीतरी बोलायला हवं होतं. ते बोलले. मग संसार सुरू झाला, मुलं मोठी होऊन कामाधंद्याला लागली, आणि ते बोललेलं तसंच भिंतीवर लटकत राहिलं.

बायको गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. खुर्चीत बसलेला माणूस "मी नाही घाबरत" असं म्हणत खुर्चीचे हात उपटायला निघालेला असतो, तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवून "नाही दुखणार हं, झालंच आता" म्हणणं, हे तिचं काम. डॉक्टरांपेक्षा लोक तिच्याच भरवशावर तोंड उघडायचे. घरी मात्र ती कमी बोलायची. घरात कपाटाला कुलूप, फडताळाला कुलूप, बिस्किटांच्या डब्यालासुद्धा एक छोटंसं कुलूप, आणि सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कुलूपवाल्यांच्या कमरेला. बायकोने आजवर एकदाही किल्ली मागितली नव्हती. तिला कशाचा मोहच नाही, असं ते कौतुकाने चारचौघांत सांगायचे.

तर या बाईने यंदा काय करावं? सायकल शिकावी! कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने बायकांचा एक गट जमवला होता. दर रविवारी बेकरीच्या टेम्पोत सायकली घालून ही मंडळी डोंगराच्या पायथ्याशी जायची. पहिले काही आठवडे बायको कोपरं सोलून घरी आली. मग गुडघे. मग नुसताच चिखल. आणि एके दिवशी ती आली तेव्हा अंगावर काहीच नव्हतं लागलेलं, फक्त गाल लाल होते आणि भाजी चिरताना ती गुणगुणत होती. कुलूपवाल्यांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, वारा लागला.

त्या गटात दीपगृहाच्या उतरणीचा फार बोलबाला होता. डोंगराच्या माथ्यावर दीपगृह, आणि तिथून कड्याकडेने वळसे घेत थेट खाडीपर्यंत उतरणारी एक जुनी गाडीवाट. ती उतरण ज्याने केली तोच खरा सायकलवाला, असं बेटावर मानत. बायको त्यासाठी महिनोन् महिने तयारी करत होती. पायांत बळ यावं म्हणून दवाखान्याचा जिना दिवसातून दहादा उगाचच चढायची. अखेर रविवार ठरला. आदल्या दिवशी बेकरीवाली कुलूप घ्यायला म्हणून दुकानात आली, तिचं लक्ष फोटोकडे गेलं, आणि ती सहज म्हणाली, "वहिनींची पहिली उतरण आहे उद्या. घरात एवढा मोठा चॅम्पियन असून तुम्ही गल्ल्यावरच बसणार का?"

दवाखान्यातून परतताना दुकानात डोकावलेली बायको तिथेच उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते कुलूपवाल्यांना नीट कळलं नाही, पण बायकोने आपल्याकडे असं फार दिवसांत बघितलेलं नाही एवढं कळलं. आणि ते म्हणाले, "येतो की."

रात्रभर त्यांना धक्का दिसत होता, संपत आलेला.

सकाळी टेम्पोत बसून जायचं होतं, तोवर निभावलं. बेकरीवालीने नवऱ्याची सायकल यांच्यासाठी आणली होती. पायथ्याशी उतरल्यावर सगळ्या बायका टणाटण सायकलींवर चढल्या आणि निघाल्यासुद्धा. कुलूपवाल्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितले. घंटी वाजवली. मग बायकोला अत्यंत गंभीरपणे समजावून सांगितलं की जुने, कसलेले सायकलपटू चढ नेहमी पायी चढतात, त्याने स्नायू मोकळे होतात, हल्लीच्या लोकांना हे शास्त्र माहीत नाही. बायको "असं होय" म्हणाली, सायकलवरून उतरली आणि त्यांच्याबरोबर चालायला लागली. (चालताना ती पुढे गेली नाही. मागेही राहिली नाही. याचा अर्थ लावण्याइतकी हवा त्या वेळी कुलूपवाल्यांच्या छातीत नव्हती.)

चढता चढता मात्र एक भलतीच गोष्ट झाली. पहिल्या वळणावर झाडं होती, दुसऱ्यावर झाडंच, तिसऱ्यावर एकदम झाडं संपली आणि उजव्या हाताला समुद्र आला. नेहमीचा, मासळीचा वास येणारा, धक्क्याला घासणारा समुद्र नव्हे. हा पार खाली पसरलेला, हिरवा, मग निळा, मग असा काही रंग की त्याला नाव काय द्यावं हेच सुचेना. कुलूपवाले थांबले. त्यांना वाटलं धाप लागल्यामुळे थांबलो. धाप ओसरली तरी ते थांबलेलेच होते.

मग माथ्यावर पोचले. चारी बाजूंना पाणी. सबंध बेट पायाखाली, एका नजरेत मावणारं. कडे तांबडे, त्यांच्या कपारींत पांढरे पक्षी, खाली लाटा फुटताना दिसतात पण आवाज पोचत नाही. आणि तिकडे अगदी कोपऱ्यात, काड्यापेटीएवढी घरं. त्यातलं एक आपलं. त्यात एक गल्ली, गल्लीत एक भिंत, आणि त्या भिंतीकडे बघत आपण आख्खा जन्म बसलो. हे सगळं इथे, एवढ्याशा अंतरावर, रोज होतं. कुलूपवाल्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. बायकोने विचारलं तर म्हणाले, वारा लागला.

सगळ्यांनी सायकली गवतात आडव्या टाकल्या आणि डबे उघडले. कुलूपवाल्यांना मात्र उघड्यावर पडलेली वस्तू बघवत नाही. माथ्यावर या मंडळींखेरीज चिटपाखरू नव्हतं, चोर यायचा म्हटला तरी त्याला आधी तो चढ चढावा लागला असता. पण हात सवयीने पिशवीत गेला, जाड साखळी निघाली, आणि स्वतःची न् बायकोची अशा दोन्ही सायकली शेजारी शेजारी उभ्या करून त्यांनी साखळी दोन्हींच्या सांगाड्यांतून ओवली आणि कुलूप घातलं. खट्. बायका हसायला लागल्या. कुलूपवाल्यांनी त्या कुलपावर तिथल्या तिथे एक छोटं भाषण केलं. हे आपलं स्वतःचं, घरच्या बनावटीचं. किल्लीशिवाय हे उघडणारा अजून जन्माला यायचाय, खुद्द आपल्यालाही जमणार नाही.

आणि हे बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

किल्लीच नसेल तर? सायकली उघडणार नाहीत. उघडल्या नाहीत तर चालवता येणार नाहीत. मग ढकलतच खाली न्याव्या लागतील, आणि त्यात कोणाचीच लाज जाणार नाही. इतका सोपा मार्ग! ते दीपगृहाच्या भिंतीआड गेले, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि किल्ली बुटात सोडून दिली. मग खिसे चाचपत बाहेर आले. वरचा खिसा, खालचा खिसा, पिशवी. चेहरा पाडला आणि म्हणाले, किल्ली घरीच राहिली वाटतं.

अभिनय उत्तम झाला. सगळ्यांनी हळहळ केली. कुलूपवाले मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटणार एवढ्यात त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं.

ती वाटेच्या तोंडाशी उभी होती. हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेला. समोर ती वाट पहिल्या वळणापर्यंत जाऊन कड्यामागे नाहीशी होत होती. ती रागावली नाही. नुसता हात गळ्याशी नेऊन तिने पट्टा सोडवायला सुरुवात केली. दुकानाच्या भिंतीवर ओघळ पडावा तसं काहीतरी कुलूपवाल्यांच्या आतून खाली गेलं. या बाईने आजवर कसला हट्ट केला नव्हता. एक वाट मागितली होती, तीही मागितली कुठे, स्वतःची स्वतः कमावली होती, आणि आपण तिला कुलूप घातलं.

किल्ली काढावी, असं त्यांना मनापासून वाटलं. पण काढणार कशी? सगळ्यांदेखत बूट काढायचा? ती तर एव्हाना मोज्याखाली सरकून टाचेशी जाऊन बसली होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. दवाखान्यात असा चेहरा झाला की पुढे काय करायचं हे बायकोला पाठ होतं. तिने पट्टा परत आवळला.

"राहू देत बांधलेल्या," ती म्हणाली. "अशाच घेऊन जाऊ खाली."

"अशाच म्हणजे कशा?"

"दोघं मिळून. माझी सायकल वीतभर पुढे राहील, तुमची जरा मागे, म्हणजे हँडलं अडकणार नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवा. ब्रेकला तुम्ही हात लावायचा नाही, ते मी बघते."

कुलूपवाल्यांनी उतरणीकडे बघितलं. चॅम्पियनला शोभेल असं एखादं कारण शोधावं तर एकही सापडेना. गुडघा, हवामान, साखळीची मजबुती, सगळं त्यांनी मांडून पाहिलं. बेकरीवाली म्हणाली की अहो, तुम्ही तर सबंध बेट फिरलेले, तुम्हाला काय त्याचं. मग ते बसले. कसे बसले ते विचारू नका. एका बाजूने दोघींनी धरलं, दुसऱ्या बाजूने तिघींनी, आणि टेबल माडीवर चढवताना होतात तसे सूचनांचे आवाज झाले.

सायकली हलल्या. कुलूपवाल्यांनी डोळे गच्च मिटले आणि बायकोचा खांदा असा पकडला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं मोजता येत होती. चाकांखाली खडी खरखरली. साखळी खणखणली. ते एकदा डावीकडे कलंडले, साखळीने ओढून उभे केले. उजवीकडे कलंडले तर बायकोच होती. खालून प्रत्येक पायडलाला टाचेत किल्ली टोचत होती, आणि वरून तिचा आवाज येत होता, अगदी शांत, अगदी सवयीचा.

"श्वास घ्या. असा. सोडा. नाही दुखणार हं."

"कडा आहे का गं डाव्या हाताला?"

"आहे. तिकडे नका बघू. माझ्या पाठीकडे बघा."

त्यांनी एक डोळा उघडला. पाठ दिसली. रोज स्वयंपाकघरात दिसणारीच पाठ, पण ती आता वळणाबरोबर कलत होती, दगड आला की हलकेच उचलली जात होती, उतार आला की पुढे झुकत होती, आणि तिच्याबरोबर बांधलेले हेही कलत, उचलले जात, झुकत होते. ही बाई आपल्याच घरात राहते? हिनेच सकाळी डबा भरला? कुलूपवाल्यांनी दुसराही डोळा उघडला.

आणि मग सगळं बेट त्यांच्या अंगावर धावून आलं. वळण संपलं की समुद्र, समुद्र संपला की तांबडा कडा, कडा संपला की पिवळ्या गवताचा आख्खा उतार वाऱ्यावर आडवा झालेला. पक्ष्यांचा थवा त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच उंचीवर उडत होता. त्यातल्या एकाने यांच्याकडे बघितलं, दोन सायकली, एक साखळी, आणि मान वळवून घेतली. वारा तोंडात शिरला तेव्हा कुलूपवाल्यांना कळलं की आपलं तोंड उघडं आहे. मग कळलं की आपण ओरडतोय. मग आणखी जरा वेळाने कळलं की ते भीतीचं ओरडणं नाही. एवढी वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलेल्या त्या फेरीत हे काहीच नव्हतं. बनवून सांगायला आधी सुचायला तरी हवं ना.

शेवटच्या वळणानंतर बायकोने ब्रेक सोडूनच दिले. खाडीच्या वाळूत सायकली खचकन रुतल्या आणि दोघं शेजारी शेजारी, साखळीसकट, अलगद आडवे झाले. वर आभाळ होतं. मग बायको हसायला लागली, ती थांबेचना, आणि कुलूपवालेही हसायला लागले.

मागून बाकीच्या पोचल्या. बेकरीवालीने दोघांचा तसाच, वाळूतला, फोटो काढला. मग प्रश्न आला खाडीवर येऊन थांबलेल्या टेम्पोचा. बांधलेल्या सायकली आत मावेनात. बेकरीवाली म्हणाली, गावातून कटर मागवू. कुलूपवाल्यांचा अभिमान तेवढ्यातही जागा झाला. ते म्हणाले, या साखळीला कटर लागणार नाही, हे कुलूप साधंसुधं नाही, याला...

बायकोने हेल्मेट काढलं. अंबाड्यातली एक पिन ओढली. कुलूप तळहातावर घेतलं, दाढ तपासावी तशी मान जरा तिरकी केली, पिन आत घातली, एकदा इकडे, एकदा तिकडे. खट्. साखळी वाळूत पडली.

कुलूपवाले साखळीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढून घरातलं कपाट गेलं, फडताळ गेलं, बिस्किटांचा डबा गेला.

"तू... हे... कधीपासून?"

"दिवाणखान्यातल्या पहिल्या कपाटापासून," ती म्हणाली. "दातापेक्षा सोपं असतं हो. कुलूप हलत नाही. आता बूट काढा, वरपासून लंगडताय."

बूट काढला. किल्ली पडली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मोठ्या सभ्यपणे समुद्राकडे तोंडं फिरवली. खांदे मात्र सगळ्यांचे हलत होते.

कुलूपवाले वाळूत बसून राहिले. आता लपवायला उरलंच काय होतं? हळूच म्हणाले, "मला सायकल येत नाही."

"माहितेय."

"तेही? कधीपासून?"

"दुकानात तुम्हाला पहिल्यांदा भेटले तेव्हापासून. फोटोतली सायकल स्टँडवर आहे, आणि तुमचा चेहरा दाढ काढायला आलेल्या माणसाचा. मी म्हटलं, एवढा घाबरलेला माणूस आपल्यासमोर एवढं मोठं खोटं बोलतोय, म्हणजे याला आपण फारच आवडलेलो दिसतोय." तिने वाळू झटकली. "म्हणून तर हो म्हटलं."

कुलूपवाल्यांच्या डोळ्यांना पुन्हा वारा लागला.

आता दुकानात जुन्या फोटोशेजारी नवा फोटो आहे. केस नाहीत, चषक नाही, दोन माणसं आणि दोन सायकली एका साखळीत वाळूवर आडवी पडलेली. रविवारी दुकान बंद असतं. मालक बायकोबरोबर डोंगरावर जातात, आणि साखळी आठवणीने स्वतःच पिशवीत टाकतात. तिच्याखेरीज त्यांना अजून सायकल येत नाही. इतर दिवशी गिऱ्हाईक आलं की ते नव्या फोटोखाली उभे राहून सबंध हकीगत सांगतात, आणि या खेपेला त्यात एक अक्षर बनवलेलं नसतं. गिऱ्हाईक तोंडाचा आ करून ऐकतं. कुलूपवाले मग नवीन माल काउंटरवर मांडतात, लहान, मोठं, साखळीचं. गिऱ्हाईक सगळी कुलपं एकेक करून हातात घेतं, खाली ठेवतं, फोटोकडे परत एकदा बघतं आणि विचारतं की वहिनी वापरतात ती पिन कुठे मिळेल.